बोललो नाही, आणि बोललो ते खरे नव्हते

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांतून चार पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. चारही पत्रे कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील आहेत. कोणी गप्प राहिले आहे, कोणी खोटे लिहिले आहे, आणि एकाच्या हातून दोन्ही घडले आहे. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला असून मजकूर थोडा आवरला आहे.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत होते. मी आणि आणखी चार-पाच जण अलीकडच्या टपरीत चहा घेत होतो. एक अनोळखी तरुण मोटारसायकलवरून आला, बंधाऱ्याच्या तोंडाशी थांबला, त्याने पाण्याकडे बघितले, मग आमच्याकडे बघितले आणि गाडी पुढे घातली. बंधाऱ्याचा मधला भाग खचला आहे हे मला माहीत होते, कारण आदल्याच दिवशी मी तो पाहिला होता. निम्म्यावर त्याची गाडी सरकली. खाली बऱ्याच अंतरावर तो झाडाला अडकला आणि वाचला, पण त्याचा एक पाय कायमचा अधू झाला असे नंतर कळले. मी त्याला ‘जा’ म्हणालो नव्हतो. मग यात माझा दोष आहे का? आणि नसेल, तर तो बंधारा मला रोज रात्री का दिसतो?

उत्तर : प्रथम कायद्याचे सांगतो, कारण तुमच्यासारखाच प्रसंग कायदा लिहिणाऱ्यांनीही विचारात घेतला होता. भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये तयार केला. त्याला जोडलेल्या टिपणांत एक उदाहरण आहे : नदी इतकी चढली आहे की ती ओलांडणे धोक्याचे आहे, हे एका माणसाला ठाऊक आहे, तो ते वाटसरूला जाणूनबुजून सांगत नाही आणि वाटसरू बुडून मरतो. हा न सांगणारा जर सरकारने त्याच कामासाठी घाटावर नेमलेला शिपाई असेल, किंवा वाटसरूला पलीकडे पोचवण्याचे कबूल केलेला वाटाड्या असेल, तर तो खुनी ठरतो. पण माणुसकीपलीकडे ज्याच्यावर वाटसरूचा कोणताच हक्क नाही असा तो कोणी असेल, तर त्याला खुनी म्हणता येत नाही. ती संहिता १८६० मध्ये संमत झाली, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी रेषा तिथेच आहे : जे करणे कायद्याने बंधनकारक होते ते न करणे, तेवढाच गुन्हा. कलकत्त्याच्या शल्यविशारदाने मेरठच्या रुग्णासाठी प्रवास केला नाही म्हणून त्याला खुनी ठरवू लागलो तर थांबायचे कोठे, असा त्या टिपणातला विचार आहे आणि तो मला पटतो. लोकांना भले करायला प्रवृत्त करण्याचे काम लोकमताकडे आणि नीती शिकवणाऱ्यांकडे सोडावे, असेही तिथेच म्हटले आहे. तेव्हा कायद्याने तुम्हाला सोडले, म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन:पुन्हा वाचले : ‘मग त्याने आमच्याकडे बघितले.’ पावसाळ्यात आपल्याकडचे बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात, आणि परका माणूस पाण्याचा अंदाज पाण्यावरून जितका घेतो, तितकाच काठावर बसलेल्या माणसांवरून घेतो. ही मंडळी इथलीच आहेत, निवांत चहा पीत आहेत, कोणी हात वर करत नाही, म्हणजे जाण्याजोगे असणार, असा त्याने हिशेब केला. त्याने तोंडाने विचारले नाही, तरी तो प्रश्नच होता, आणि तुमच्या न हललेल्या हाताने त्याला उत्तर मिळाले. ते उत्तर खरे नव्हते. मग तुम्ही खोटे बोललात का? शब्दाने नाही, पण खचलेली जागा ज्याला दिसत नव्हती त्याला ती तिथे नाही असे तुमच्या गप्प बसण्यातून समजले.

टपरीत तुम्ही एकटे असता तर कदाचित ओरडला असता. १९६८ मध्ये बिब लताने आणि जॉन डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खोलीत माणसाला कागद भरायला बसवले आणि भिंतीतून धूर सोडला. एकटा बसलेला असताना १०० पैकी ७५ जणांनी बाहेर जाऊन ते सांगितले. पण शेजारी दोन माणसे मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा हे प्रमाण १०० पैकी १० वर आले. प्रत्येकाने दुसऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यावरून धुराचा अर्थ लावला. टपरीतल्या तुम्हा सगळ्यांचे तेच झाले असावे. मी हे तुमची सुटका व्हावी म्हणून सांगत नाही. पुढच्या वेळी आपण गप्प का आहोत हे तिथल्या तिथे ओळखता यावे, यासाठी सांगतो आहे.

वजनमापही नीट धरले पाहिजे. पाणी त्यालाही दिसत होते, गाडी त्याने घातली, आणि बंधाऱ्याच्या तोंडाशी अडथळा उभा करणे हे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नव्हते. त्या पायाचे सगळे ओझे एकट्याने उचलू नका. खचलेली जागा मात्र तुम्हाला ठाऊक होती आणि हात वर करायला काही खर्च येत नव्हता; तेवढे तुमचे आहे. त्या मुलाचे गाव शोधा, घरी जा आणि ‘मला माहीत होते, मी बोललो नाही’ एवढे सांगा. त्याने हाकलून दिले तरी चालेल. आणि मेअखेरीस, पहिला पाऊस पडण्याआधी, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांना गाठून त्या तोंडाशी दोन लोखंडी खांब आणि साखळी बसवून घ्या. ती होईपर्यंत पाणी चढले की बाभळीच्या फांद्या आडव्या टाकायला तुम्हाला कोणाच्या परवानगीचीसुद्धा गरज नाही.

प्रश्न : शेजारच्या मुलाच्या स्थळाची चौकशी करायला मुलीचे काका आणि मामा आमच्या दारी आले होते. मुलगा पितो, आणि पिऊन आईवर हात टाकतो, हे आम्हा सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी ‘आमचं फारसं येणं-जाणं नाही’ एवढेच म्हणाले. लग्न झाले. आता ती मुलगी दुपारी माझ्याशी कट्ट्यावर बोलायला येते. परवा तिच्या मनगटावर काळानिळा वळ होता. बांगडी रुतली, म्हणाली. मी खोटे तर बोलले नाही ना?

उत्तर : ताई, बोललात. दिवाळीचे ताट ज्या घरी जाते आणि ज्या घरून येते, त्या घराशी येणे-जाणे नाही असे म्हणता येत नाही. पण ते वाक्य बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतोच, कारण इथे विचारणाऱ्यांनी दारात उभे राहून विचारले होते.

सभापर्वात द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि जाणती माणसे खाली बघत बसतात. तेव्हा विदुर उठून सांगतो की धर्म जाणणारा जो सभेत असून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, त्याला खोटे बोलण्याचे अर्धे फळ मिळते, आणि जो चुकीचे उत्तर देतो त्याला ते पुरे मिळते. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की गप्प राहण्याला त्याने शून्यावर सोडले नाही आणि खोट्याच्या बरोबरीलाही बसवले नाही. तिथेच पापाची वाटणीही सांगितली आहे : अर्धे सभेतल्या श्रेष्ठाकडे, पाव करणाऱ्याकडे आणि उरलेले पाव, निंद्य गोष्टीची निंदा न करता बसून राहिलेल्यांकडे. तुमच्या गल्लीत त्या पाव हिश्श्याचे वाटेकरी पुष्कळ आहेत. स्थळ मोडल्याचा बोल आपल्यावर नको, शेजार जन्माचा आहे, ही भीती मला कळते. मीही गल्लीतच वाढलो आहे. पण ती भीती तुमची होती आणि किंमत तिने मोजली, जिला कोणी काही विचारलेच नव्हते.

आता झालेल्यावर थांबू नका, कारण या पत्रातली गोष्ट अजून चालू आहे. ती तुमच्याकडे येते, हा तिने ठेवलेला विश्वास आहे. एकदा आत बोलावून, दार लोटून, सरळ विचारा. तिच्या मनाविरुद्ध गाजावाजा करू नका, पण तिला हे कळू द्या की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानुसार फक्त पीडित स्त्रीनेच नव्हे, तर जिला असे घडते आहे असे सकारण वाटते अशा कोणाही व्यक्तीने संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. महिलांसाठीचा मदत क्रमांक १८१ आहे. तो तिच्या मोबाइलमध्ये न ठेवता तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा. तिचा मोबाइल कोण बघतो हे तुम्हाला ठाऊक नाही.

प्रश्न : मी एका फौंड्रीत तपासणी विभागात आहे. महिन्याची अखेर होती, माल निघायचा होता आणि हार्डनेसचे, म्हणजे धातूचा कठीणपणा मोजण्याचे, मशीन बिघडले होते. साहेब म्हणाले, ‘मागच्या लॉटचं बघून भर, माल तोच आहे.’ मी मागच्या रिपोर्टमधले आकडे एक-दोन इकडे-तिकडे करून भरले आणि सही केली. माल ब्रेक ड्रमचा होता. आठ महिने झाले, कोणतीही तक्रार आलेली नाही. काहीच झाले नाही, तर हे खोटे म्हणायचे का? घरी दोन लहान मुले आहेत आणि घराचे हप्ते चालू आहेत.

उत्तर : तुम्ही आकडे ‘इकडे-तिकडे’ केलेत. मागचेच आकडे जसेच्या तसे उतरवले असते तर तो आळस म्हणता आला असता. गोळी दाबून उमटलेल्या खळग्याचा व्यास भिंगातून कोणीतरी खरोखर मोजला आहे असे वाचणाऱ्याला वाटावे, म्हणून तुम्ही ते बदललेत. हे खोटेच आहे, आणि तुम्हाला ते त्या क्षणी माहीत होते.

‘काही झाले नाही’ याने त्यात फरक पडत नाही. दोन तपासनीसांनी एकाच दिवशी एकसारख्या खोट्या सह्या केल्या, एकाच्या मालातला ड्रम घाटात फुटला आणि दुसऱ्याचा फुटला नाही, तर लोक पहिल्याला गुन्हेगार म्हणतील आणि दुसऱ्याला कोणी ओळखणारही नाही. दोघांनी केले मात्र सारखेच. आठ महिन्यांचे सुख तुम्हाला वितळलेल्या लोखंडाने दिले आहे, तुम्ही कमावलेले नाही. आणि ‘झाले नाही’ हेही आज लिहिण्यापुरतेच; ड्रम अजून चाकांवर आहेत.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट चांगली आहे, जी बंधाऱ्यावरच्या गृहस्थांना मिळाली नाही. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, हीट नंबर असतो; एका वेळी वितळवलेल्या लोखंडाचा तो क्रमांक. कोणत्या हीटचा माल कोणत्या चलनाने कोठे गेला, हे कागदावरून काढता येते. त्या हीटचे टेस्ट बार, म्हणजे चाचणीसाठी ओतलेले तुकडे, किंवा स्टोअरमध्ये पडलेला एखादा नग सापडला, तर तो उद्या मशीनवर लावून पाहता येईल. तो माल योग्य निघण्याची शक्यता पुष्कळ आहे, पण आज तुम्हाला ते माहीत नाही, आणि ज्याने तो ड्रम गाडीला बसवला त्याला आपल्याला ते माहीत आहे असे वाटते. ही दरी तुमच्या सहीने पडलेली आहे.

गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांना लेखी कळवा : अमुक तारखेला मशीन बंद असताना रिपोर्ट भरला गेला, त्या हीटची फेरतपासणी व्हावी. साहेबांचे नाव घालायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. वर सांगितलेल्या वाटणीत अर्धा हिस्सा श्रेष्ठाचा आहे हे मी विसरलेलो नाही, पण आपला हिस्सा सांगताना आधी त्याचा हिस्सा मोजत बसलो तर आपले सांगणे तक्रार होऊन जाते. यात नोकरीला धोका नाही, असे मी म्हणणार नाही. धोका आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींत हाताला काम असलेल्या तपासनीसाला दुसरी जागा मिळते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तरीही बायकोशी बोलल्याशिवाय पत्र देऊ नका, कारण हप्ते दोघांचे आहेत. फक्त फार दिवस घेऊ नका.

प्रश्न : २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी आमच्या नदीकाठच्या गावात शिरले. सकाळी गोठ्यात गुडघाभर पाणी होते. २००५ साली पाणी जिथवर आले होते तिथवरच येईल, अशा हिशेबाने मी दोन्ही म्हशी दावणीला तशाच ठेवल्या. दुपारी बोट आली तेव्हा गोठ्याकडे जाता येत नव्हते. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बोटीत चढेनात. ‘म्हसरं सुटली न्हवं?’ असे ते सारखे विचारत होते. मी म्हणालो, ‘व्हय आबा, दावी कापली.’ मग ते चढले. पाणी उतरल्यावर मी आणि चुलतभाऊ आधी गावात आलो. दोन्ही म्हशी गोठ्यात मेलेल्या होत्या आणि दावी ताणलेली तशीच होती. आबा छावणीतून परतण्याआधी आम्ही त्यांना पुरले. पंचनामा झाला, भरपाई मिळाली, ती पिकाच्या नुकसानीची म्हणून मी सांगितली. आबा आता ७८ वर्षांचे आहेत. अजूनही ते जनावरांच्या बाजाराला जातात आणि डावा कान फाटलेली म्हैस दिसली की जवळ जाऊन बघतात. मी त्यांना खरे सांगावे का?

उत्तर : तुमचे पत्र मी अनेक दिवस टेबलावर ठेवले होते. त्यात एकाऐवजी तीन गोष्टी आहेत आणि त्या तुम्ही एकाच गाठोड्यात बांधून सात वर्षे पाठीवर वागवत आहात.

पहिली गोष्ट सकाळची. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पंचगंगेच्या काठी कित्येकांनी २००५ ची खूण धरून हिशेब केला आणि तो चुकला. तुम्ही म्हशी आळसाने किंवा बेफिकिरीने ठेवल्या नाहीत. गुडघाभर पाण्यात दावी कापणे शक्य होते आणि ते राहून गेले, हे खरे आहे, आणि त्याचे दु:ख तुम्ही करावे हेही बरोबर आहे. पण ती अंदाजाची चूक होती. बंधाऱ्यावरच्या गृहस्थांना खचलेली जागा माहीत होती; तुम्हाला पाणी कोठवर चढणार हे माहीत नव्हते.

दुसरी गोष्ट बोटीची. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो. सदैव खरेच बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याला दरोडेखोरांनी विचारले, माणसे कोठे लपली आहेत; त्याने खरे सांगितले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. उलट जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ च्या एका निबंधात असा पक्ष घेतला की दाराशी आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये. मी कृष्णाच्या बाजूने आहे. बोट थांबलेली, पाणी चढते आहे आणि म्हातारा माणूस ओट्यावरून हलत नाही, अशा वेळी ‘दावी कापली’ हे वाक्य एका जिवासाठी होते. त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसे बुडाली. तेव्हा एकेका फेरीला किती मोल होते हे वेगळे सांगायला नको. त्या वाक्याचा पश्चात्ताप करू नका.

पण ते वाक्य बोट काठाला लागेपर्यंतच चालायचे होते. तिसरी गोष्ट तिथून सुरू होते आणि तिचा बचाव मला करता येत नाही. आबा छावणीत सुखरूप होते. त्या दिवसापासून ते खोटे त्यांच्या जिवासाठी राहिले नाही. ‘तू सकाळी दावी का नाही कापलीस?’ हा प्रश्न टाळण्यासाठी ते चालू राहिले. म्हशी पुरणे, भरपाईला दुसरे नाव देणे, ही त्याचीच पुढची पावले. आणि याची किंमत तुम्ही समजता तशी तुमची झोप एवढीच नाही. एक ७८ वर्षांचा माणूस बाजाराच्या धुळीत परक्यांच्या म्हशींचे कान तपासत फिरतो आहे. त्याला दु:ख करायची परवानगीच तुम्ही दिलेली नाही. जनावर गेले की आपल्याकडे घर जेवत नाही, बायका दावणीकडे बघून रडतात, शेजारी येऊन बसतात. आबांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

म्हणून सांगा. या वयात धक्का बसेल असे नातेवाईक म्हणतील. त्यांची तब्येत बरी असेल असा दिवस धरा, बेंदराचा, म्हणजे जनावरांच्या सणाचा, दिवस मात्र टाळा. सांगताना ‘तुमच्या भल्यासाठी’ या शब्दांनी सुरुवात करू नका. आधी म्हशी गेल्या हे सांगा, मग दावी कापली नव्हती हे सांगा, मग सकाळचा चुकलेला हिशेब सांगा, आणि भरपाईचेही त्याच बैठकीत सांगा, नाहीतर ते बाहेरून कळेल. बोटीतल्या वाक्याचा खुलासा त्यांनी विचारला तरच करा. चुलतभावाला बरोबर ठेवू नका. तो तुमचा वाटेकरी असला तरी आबांना त्या वेळी एकाच माणसावर रागावता आले पाहिजे. ते कदाचित काही दिवस तुमच्याशी बोलणार नाहीत, जेवायला वेगळे बसतील. ते तसे करतील तेव्हा मध्ये कोणाला घालू नका.

मला वाटते, राग येण्याच्याही आधी ते एकच विचारतील : कुठं पुरलीत? ती जागा आता पिकाखाली असेल तर बांधावरून दाखवता येईल अशी खूण आधी पाहून ठेवा, आणि विचारल्याबरोबर त्यांना तिकडे घेऊन जा.